लिंबावरची शेळी

रविवारी वसतिगृहातल्या मुलींना भेटायला घरची माणसं येत. माझ्याकडं यायला कुणी उरलं नव्हतं. आई लहानपणीच गेली, अण्णा आदल्या वर्षी. म्हणून रविवार आला की मी आपली बाहेर पडे. दुष्काळाचं वर्ष होतं. नगरच्या संग्रहालयात वाघ-बिबट्यांच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं होतं, तिथं शिरले. फोटोंची फार हौस होती असं नाही. आत सावली होती.

वाघ झाले, सिंह झाले. पुढच्या फोटोपाशी पाय थांबले. झाडाच्या बेचक्यात हरणाचं पाडस अडकवलेलं, मान अलीकडं, पाय पलीकडं. वर फांदीवर बिबट्या निवांत पसरलेला.

अण्णांनी नेमकं हेच सांगितलं होतं. मी सातवीत असताना आमची शेळी गोठ्यातून नाहीशी झाली. अण्णा शोधायला गेले ते ओरडतच परत आले, "लिंबावर हाय शेळी! मान अलीकडं, पाय पलीकडं!" माणसं गोळा करून नेईपर्यंत लिंबावर काही नव्हतं. श्रीगोंद्याकडच्या आमच्या माळावर लांडगे पुष्कळ. बिबट्या कुणी बापजन्मात पाहिला नव्हता. आणि लांडगा काही झाडावर चढत नाही. गावाची करमणूक झाली. "पाला खाली टाकायचा कंटाळा आला, म्हनून शेळीच वर बसवली व्हय?" शाळेत मुलं मला बघून बें बें करायची.

एकदा पाहुण्यांसमोर अण्णा पुन्हा ते सांगू लागले, तेव्हा मी तोंड टाकलं. "अण्णा, पुरं करा आता. लोकं हसत्यात."

त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी त्या शेळीचं नाव काढलं नाही. गावाचं हसणं त्यांनी पचवलं होतं, माझं बोलणं नाही पचलं.

आता फोटो समोर होता आणि सांगायला माणूस नव्हतं. एवढं एकटं मला अण्णांच्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं. दाराशी स्टुलावर शिपाई बसला होता, त्यालाच हाक मारली. "मामा, आमच्या गावात असंच झालं होतं. श्रीगोंद्याकडं."

तो फोटो बघून हसला. "तिकडं कुठला आलाय बिबट्या, ताई? कुनीतरी थाप मारली तुमाला."

"आला हुता!" मी म्हणाले. "आमचे अण्णा खोटं बोलत न्हाईत."

आवाज असा चढला की बिचारा स्टुलावरून उठलाच. त्याचा काय दोष? हे मला गावच्या पारावर म्हणायला हवं होतं, अण्णा शेजारी उभे असताना.