गडगडाट ऐकू न येणारा माणूस

आबा जवळजवळ ठार बहिरे होते. आमचा कुत्रा शेरू त्यामुळेच इतकी वर्षं जगलाय.

आज आबांना, माझ्या वडिलांना, जाऊन वर्ष झालं, म्हणून हे चार शब्द.

ते तोफखान्यात होते. कान तिथेच गेले. शेवटचं पोस्टिंग जयपूर. रिटायर झाल्यावर साताऱ्याला परत जायचं सोडून त्यांनी इथे मानसरोवरमध्ये फ्लॅट घेतला. का, ते कुणाला सांगितलं नाही.

शेरू मला जयपुरातच, झोटवाड्यात एका वर्कशॉपच्या दारात सापडला. नाव वर्कशॉपवाल्यांनी ठेवलेलं. स्वभावाशी त्याचा काही संबंध नव्हता.

इथे पावसाच्या आधी आंधी येते, धुळीचं वादळ. आकाश पिवळं पडतं, खिडक्या आपटतात, दातांत धूळ कचकचते. गडगडाट नंतर.

शेरू धुळीच्या वासालाच थरथरायला लागायचा. एकदा जाळीचं दार फाडून पळाला आणि रस्त्यावर रक्ताळलेल्या पंजांनी सापडला.

व्हेट म्हणाले, हार्ट कमजोर आहे. फार घाबरला तर त्यातच जाईल.

मग आम्ही सगळं केलं. पडदे ओढले. टीव्हीचा आवाज वाढवला. त्याच्या अंगाभोवती ओढणी घट्ट गुंडाळली.

आई त्याला कवटाळून "काही नाही, काही नाही बाळा" म्हणायची. प्रत्येक कडकडाटाला तिचा स्वर वर चढायचा. शेरू आणखी कापायचा.

मी व्हेटना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, कुत्ता कम डरा हुआ है, आप लोग ज़्यादा."

उपाय शेरूनेच शोधला. एका दुपारी तो आईच्या हातातून सुटला आणि आबांच्या खुर्चीखाली जाऊन बसला.

आबा पेपर वाचत होते. बाहेर आभाळ फाटत होतं. त्यांनी पान उलटलं.

"अहो, कुत्रं थरथरतंय," आई त्यांच्या कानाशी ओरडली.

"थंडी वाजत असंल."

"जूनमध्ये?"

"हं," आबा म्हणाले. त्यांना "जून" ऐकू आलं नसावं.

घरात न दचकणारा तेवढा एकच माणूस होता. शेरूला ते आमच्याआधी कळलं. त्यानंतर आंधी आली की तो खुर्चीखाली, आबा खुर्चीत. इतकं साधं.

पुढे आबांना रस्त्यावर हॉर्न ऐकू येईना. एक ऑटो अगदी अंगाला घासून गेली. आम्ही त्यांना कानाचं मशीन घेतलं.

मशीन लावल्यावरच्या पहिल्याच वादळात वीज कडाडली आणि आबांच्या हातातून पेपर पडला.

शेरू खुर्चीखालून बाहेर आला. त्यांच्याकडे बघितलं. मग वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसला.

"एवढा आवाज असतो?" आबांनी विचारलं.

"असतो."

"दरवेळी? मला कुणी सांगितलं नाही ते."

"सांगितलं," आई म्हणाली. "तुम्हाला ऐकू गेलं नाही."

तेव्हापासून आकाश पिवळं झालं की ते मशीन काढून ठेवायचे. पण आता त्यांना माहीत झालं होतं. नजर खिडकीकडे जायची, खांदे ताठ व्हायचे. शेरू जवळ यायचा आणि परत जायचा.

आबांनी खुर्ची फिरवली. खिडकीकडे पाठ केली. पेपर सोडला. शेरूच्या बरगड्यांवर तळहात ठेवून बसू लागले.

गडगडाट झाला की तो त्यांना हाताखाली कळायचा.

"आला," ते म्हणायचे. हवामानखात्याच्या आवाजात. "गेला."

एवढंच. कुरवाळणं नाही, बाळा नाही. त्या उन्हाळ्याच्या शेवटी शेरू पुन्हा त्यांच्या पायाशी झोपायला लागला.

आबा पुढच्या उन्हाळ्यात गेले. आकाश स्वच्छ होतं.

त्यानंतरच्या वादळांत मी खुर्चीत बसून बघितलं. हात ठेवून बघितला. "आला," "गेला" म्हणून बघितलं. शेरू माझ्या हाताखालून निघून जायचा. व्हेटनी गोळी दिली. तिने तो झोपत नव्हता, नुसता पडून कापायचा.

गेल्या आठवड्यात मोठी आंधी आली. दिवसाढवळ्या अंधार. लाइट गेली. शेरूची जीभ निळसर दिसत होती.

"तू सरक," आई म्हणाली. "तुझं अंग लाकडासारखं होतं."

ती फरशीवर भिंतीला टेकून बसली. शेरूला हात लावला नाही. मग बोलायला लागली.

"इथं घर घेऊ नका म्हटलं होतं ह्यांना. पाणी जड आहे. डाळ शिजत नाही. ऐकलं?"

वीज कडाडली. आईचा स्वर हलला नाही. ती चिडलेली होती.

"बदली आली की त्या काळ्या पेट्या मी एकटीनं भरायच्या. हे ट्रकपाशी उभे राहून हळू, हळू म्हणणार. आणि फुटली बरणी तर माझ्या लोणच्याची."

शेरूने मान वळवली. हा स्वर त्याच्या ओळखीचा होता. रोज सकाळी स्वयंपाकघरातून यायचा तोच.

"छातीत दुखतंय हे मला सांगायचं की नाही? मी काय पेपर वाचत बसले असते?"

शेरू सरकत सरकत गेला आणि तिच्या पावलांवर हनुवटी टेकवली. कापणं हळूहळू ओसरलं.

पाऊस थांबला. लाइट आली. शेरू घोरत होता.

आई बोलतच होती. मी मध्ये पडले नाही.

आबा, शेरू बरा आहे. आईचं अजून पुष्कळ सांगायचं राहिलंय.

नमस्कार.