डावीकडचा कोरडा ब्रेड

मयेकरकाकांनी ब्रेडच्या स्लाइसला बटर लावलं, सुरी खाली ठेवली आणि म्हणाले, "झालं. आता अंडं."

मी स्लाइसकडे बघितलं. उजव्या अर्ध्या भागावर बटर होतं. अगदी कडेपर्यंत, एकसारखं, सराईत हाताने लावलेलं. डावा अर्धा भाग कोरडा. मधोमध पट्टी ठेवून रेघ मारावी तसं.

"सगळीकडे लागलं?" मी विचारलं.

"मॅडम, एकवीस वर्षं बोटीवर कूक होतो मी. ब्रेडला बटर लावता येतं मला."

त्यांच्यामागे ओट्याशी त्यांची सून नंदा उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी बोटाने गप्प राहायची खूण केली.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आजारपणानंतर माणसाला आंघोळ, कपडे, जेवण, स्वयंपाक ही रोजची कामं परत स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून आम्ही त्याच्याकडून सराव करून घेतो. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सकाळी मी भाईंदर पूर्वेच्या एका नर्सिंग होममध्ये असायचे आणि दुपारी होम व्हिजिट्स करायचे. बिल्डिंगांमधून मला "मालिशवाली मॅडम" म्हणत. मी दुरुस्त करायचं सोडून दिलं होतं.

दत्ताराम मयेकर जेसल पार्कला दुसऱ्या मजल्यावर राहायचे. मूळ गाव रत्नागिरीकडचं. बायको वारलेली, मुलगा मस्कतला नोकरीला, घरात ते आणि नंदा. तीन महिन्यांपूर्वी त्यांना स्ट्रोक झाला. मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसला, म्हणून शरीराची डावी बाजू गेली. पाय बऱ्यापैकी परत आला, काठी घेऊन चालायचे. डावा हात मात्र मांडीवर पडून असायचा. बोलणं शाबूत. तेच फसवं होतं. माणूस इतकं नीट बोलतोय म्हटल्यावर बाकी सगळं ठीक असणार, असं घरच्यांना वाटतं.

त्यांना 'नेग्लेक्ट' होता. डोळे चांगले असतात, पण मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही. आंधळ्या माणसाला आपल्याला दिसत नाही हे माहीत असतं. नेग्लेक्टच्या पेशंटला काही राहिलंय हेच माहीत नसतं. त्याच्या लेखी डावीकडे काही नसतंच. मयेकरकाका दाढी उजव्या गालाचीच करायचे. पॅसेजमध्ये डाव्या हाताला पाण्याचा ड्रम होता, सगळ्यांच्याच घरी असायचा तेव्हा. त्यावर ते रोज आपटायचे आणि ड्रम कोणी सरकवला म्हणून नंदाला विचारायचे.

नंदाची रजा संपत आली होती. ती अंधेरीच्या एका ऑफिसात टायपिस्ट होती. अजून तीन आठवडे. त्यानंतर काका दिवसभर घरी एकटे राहू शकणार नसतील, तर तिने नोकरी सोडायची किंवा काकांना गावी मोठ्या भावाकडे पाठवायचं.

"गावाला जाऊन काय करू? आढ्याकडे बघत पडू?" काका म्हणायचे. आपली नोकरी नंदाने लग्नाआधी परीक्षा देऊन मिळवली होती.

आमच्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, "तुमचा रिपोर्ट द्या. एकटा राहू शकतो का? हो की नाही, एवढंच."

सुरुवातीला मी पुस्तकात होतं तेच केलं. पेगबोर्ड, म्हणजे भोकं असलेली फळी, त्यात लाकडी खुंट्या बसवायच्या. काकांनी उजवीकडच्या बसवल्या आणि फळी माझ्याकडे सरकवली.

"हे बालवाडीचं काम आहे मॅडम. मी चाळीस माणसांचं जेवण काढायचो, दोन वेळचं."

चूक माझी होती. केस पेपरवर 'रिटायर्ड, शिपिंग' लिहिलं होतं आणि मी पुढे विचारलंच नव्हतं. आता विचारलं. ते म्हणाले, त्यांची बोट एकदा दुरुस्तीसाठी जपानमध्ये गोदीत महिनाभर पडून होती. गेटबाहेर एका बाईचं छोटं दुकान होतं. ती अंड्याचं सँडविच करायची. मऊ पांढरा ब्रेड, कडा कापलेल्या, आत बोटभर जाड अंडं. भाषा येत नव्हती, म्हणून ते रोज काउंटरपाशी उभे राहून बघायचे. बघूनच शिकले. पुढे कॅप्टन तेच मागायचा.

"वादळात एका हाताने रेलिंग धरून केलंय मी ते सँडविच," काका म्हणाले. "एक हात गेला तर काय झालं?"

"मग उद्या करा," मी म्हटलं.

तो 'उद्या' म्हणजे हा बटर लावलेल्या ब्रेडचा दिवस.

नंदाने चार अंडी उकडून ठेवली होती. काकांनी ती पातेल्यात थोड्या पाण्याबरोबर एका हाताने हलवली, टरफलांना सगळीकडून तडे गेले, आणि सालं नुसत्या अंगठ्याने उतरायला लागली. मी हे कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. पण त्यांनी उजवीकडची दोनच अंडी सोलली. पिवळा बलक दाबून घेतला, पांढरं जाडसर चिरलं. मेयोनीज तेव्हा आमच्याकडे दुकानात मिळायचं नाही. नंदाने आणलेली साय, मोहरीची पूड, लिंबू आणि चिमूटभर साखर घालून त्यांनी काम भागवलं. सारण उजव्या अर्ध्यावर पसरलं. वर दुसरी स्लाइस. ओला फडका, त्यावर थाळीचं वजन. दहा मिनिटांनी कडा कापल्या, तीनच, डावीकडची राहिली. मग मधून सुरी फिरवली आणि कापलेली बाजू वर करून बशीत मांडलं.

"हे बघा. जपान."

उजवा तुकडा खरोखर सुंदर होता. पिवळं, पांढरं, गच्च भरलेलं. डाव्या तुकड्यात ब्रेडवर ब्रेड.

मी बशी अर्धी फिरवली. रिकामा तुकडा त्यांच्या उजव्या बाजूला आला.

काका बघत राहिले. "हा कोणी केला?"

"तुम्हीच."

"मी नाही केला असला."

"काका, इथे तुमच्याशिवाय कोणीच हात लावला नाही."

त्यांनी नंदाकडे बघितलं. तिने मान खाली घातली. काकांनी तो तुकडा उचलला, उघडला, परत मिटला. मग काठी घेऊन ते आतल्या खोलीत निघाले. जाताना ड्रमवर आपटले, पण या वेळी कोणाला काही विचारलं नाही. आतून आवाज आला, "नंदा, मॅडमना सांग उद्यापासून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं. ते केस पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "सुनेसमोर दाखवलंत?"

"हो."

"त्याला आधी कल्पना दिली होतीत?"

"नाही."

"टेस्ट चांगली होती. तुम्ही ती परीक्षेसारखी घेतलीत." मग म्हणाले, "रिपोर्ट मला वेळेवर लागेल."

त्या आठवड्यात जेसल पार्कवरून जाताना मी दोनदा त्यांच्या गेटपर्यंत गेले आणि परत फिरले. पेशंटला त्याचं दुखणं दाखवायचं, हे आमचं कामच आहे. पण मी ते दाखवलं ते माझंच बरोबर आहे हे पटवून द्यायचं होतं म्हणून. माझ्या आवाजात तेव्हा थोडा आनंदही असावा.

पाचव्या दिवशी नंदा नर्सिंग होममध्ये आली. बाकावर बसली आणि पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली.

"अण्णा ताट फिरवतात आता," ती म्हणाली. सासऱ्यांना ती अण्णा म्हणायची.

"म्हणजे?"

"जेवून झालं की ताट फिरवतात. मग राहिलेलं दिसतं, ते खातात. तुम्ही बशी फिरवलीत ना, तसं."

आपल्या ताटात चटणी, कोशिंबीर, लिंबू डावीकडे वाढतात. गेले तीन महिने ते सगळं तसंच राहत होतं, भातही अर्धा. नंदाला वाटायचं, सासूबाईंच्या हाताची सवय, आपलं आवडत नाही. ती रोज काहीतरी नवीन वाढत गेली. काकडी, गाजर, कैरी. रोज परत. शेवटी तिने विचारणं सोडलं होतं.

"परवा ताट फिरवलं तर कोशिंबीर दिसली. मला विचारलं, ही रोज असायची का? मी हो म्हटलं. मग म्हणाले, तू सांगितलं का नाहीस. मी काय सांगणार मॅडम? मला वाटलं, टाकतायत."

तिने डोळे पुसले. मी पाण्याचा ग्लास दिला.

"तुम्ही या," ती म्हणाली. "ते स्वतःहून बोलवणार नाहीत. पण ब्रेड आणायला सांगितलाय."

मी गेले. आधी माफी मागितली. काका म्हणाले, "ते राहू दे. मला एवढंच सांगा, हे जाणार का?"

"पूर्ण जाईल असं नाही सांगता येणार. पण डावीकडे बघायची सवय लावता येईल. आपोआप होणार नाही. प्रत्येक वेळी मुद्दाम करावं लागेल."

"वॉच ठेवायचा."

"हो."

मी ब्रेड कापायच्या पाटाच्या डाव्या कडेला लाल इन्सुलेशन टेप चिकटवली. ही आमची नेहमीची पद्धत. लाल पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची, मगच काम सुरू. काका टेपकडे बघून प्रथमच हसले. "बरोबर आहे. बोटीला डावीकडे लालच दिवा असतो." मला हे माहीत नव्हतं. त्यानंतर घरभर टेप लागली. ताटाखालच्या चटईला, आरशाला, ड्रमला.

स्टेशन रोडच्या सुताराकडून मी एक फळी करून घेतली. एका कोपऱ्यात काटकोनात दोन पट्ट्या, म्हणजे बटर लावताना स्लाइस सरकत नाही. दुसरीकडे खालून ठोकलेले दोन स्टीलचे खिळे, भाजी त्यात रोवून एका हाताने कापता येते. काकांनी ती उलटीसुलटी करून बघितली. "हे बोटीवर पाहिजे होतं," म्हणाले. माझ्या कामाला मिळालेलं ते पहिलं सर्टिफिकेट.

मग आम्ही एक दिवसाआड सँडविच केलं. या वेळी काकांनी साय चालवून घेतली नाही, खरं मेयोनीजच पाहिजे होतं. त्याला दोन हात लागतात, एकाने कच्चा बलक घुसळायचा, दुसऱ्याने तेल ओतायचं. वाडगं ओल्या फडक्यावर ठेवून ते घुसळायला लागले आणि नंदाने तेल धरलं.

"थेंब थेंब. धार नको. घाई केलीस की फाटतं."

"अण्णा, एवढंच?"

"एवढंच. बघ, घट्ट होतंय. आता जरा जास्त सोड."

लग्नानंतरच्या सहा वर्षांत सासऱ्यांना स्वयंपाकघरात उभं राहिलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. सुट्टीवर आले की ते बाहेर बसून पेपर वाचायचे. आता ते तिला अंड्याचा बलक कधी दाबायचा आणि ब्रेडला आधी बटर का लावायचं ते समजावत होते. सारणाचं पाणी ब्रेडमध्ये उतरू नये म्हणून.

सगळं सुधारत गेलं असं नाही. रिपोर्टच्या चार दिवस आधी शेगडीच्या डाव्या बर्नरवर दूध होतं. ते उतू गेलं, गॅस विझला, वास सुटला. काका तिथेच, हातभर अंतरावर, अंडी सोलत उभे होते. त्यांना कळलं नाही. नंदाने धावत येऊन बटण बंद केलं. मी खिडक्या उघडल्या.

"हे लिहाल तुम्ही," काका म्हणाले.

"लिहावं लागेल."

"लिहा."

शेवटच्या दिवशी मी काही न बोलता बसून राहिले. त्यांनी मान वळवून लाल पट्टी शोधली. चार अंडी सोलली. बटर लावलं. सारण भरलं, दाबलं, चारही कडा कापल्या, मधून कापून बशीत ठेवलं. डाव्या तुकड्यात सारण टोकापर्यंत पोचलं नव्हतं. बोटभर जागा रिकामी होती. मी बशीला हात लावला नाही. त्यांनी स्वतःच फिरवली, वाकून बघितलं.

"इथे कमी पडलं," म्हणाले, आणि चमच्याने भरलं.

डॉक्टरांपुढे मी रिपोर्ट ठेवला. त्यांनी शेवटचं पान काढलं.

"हो की नाही?"

"चूक होते, पण कळते. शोधून दुरुस्त करतात. घरी एकटे राहू शकतात. गॅस नाही. सिलिंडरचा कॉक बंद करून जायचं. दुपारी कोणीतरी एकदा डोकावायचं."

"हे हो झालं की नाही?"

"अटींसकट हो."

त्यांनी सही केली. गावी मोठ्या भावाला पत्र गेलं, काका येत नाहीत म्हणून. नंदा ठरल्या दिवशी ऑफिसला गेली. सकाळी ती अंडी उकडून ठेवायची, मेयोनीज आदल्या संध्याकाळी दोघं मिळून करून फ्रिजमध्ये ठेवायचे. समोरच्या जयाबेन दुपारी बेल वाजवून "काका, सब ठीक?" विचारून जायच्या. त्या अंडं खात नसत, त्यामुळे दारातूनच. काकांचं खरचटणं, आपटणं अधूनमधून चालू राहिलं. डावा हात शेवटपर्यंत परत आला नाही. पण ते भाईंदरलाच राहिले, आणि नंदाने ती नोकरी पुढे पुष्कळ वर्षं केली.

मी मात्र एक पद्धत बदलली. नव्या पेशंटची पहिली व्हिजिट मी जेवणाच्या वेळेलाच ठेवते, ताटात काय राहतं ते दिसावं म्हणून, आणि तो पूर्वी काय काम करायचा ते आधी विचारते. घरच्यांना वाटतं, मॅडम जेवायला आल्यात. वाटू दे.