शुक्राला आरसा दाखवणारे मामा

सलूनवाल्या मामांचा हात चाळीस वर्षांत कधी थरथरला नाही, पण जीभ काही त्यांच्या ताब्यात राहिली नाही. म्हणूनच समोरच्या चष्मेवाल्याने तक्रार केली आणि नगरपालिकेच्या कचेरीतल्या बाई कागद घेऊन सलूनच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मामी लगबगीने मामांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. कागदावर एकच ओळ होती: यापुढे गच्चीवर आरसा लावणार नाही. सही केली तर प्रकरण मिटलं, नाही केली तर आरसा जप्त.

झालं होतं असं. सलूनला नवे आरसे बसवले, तेव्हा पुरुषभर उंचीचा एक जुना उरला. मामांनी तो गच्चीवर नेऊन पुसायला घेतला, तर कवडसा जो सुटला तो थेट लांबच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला. मामा म्हणाले, एवढ्या लांब जातो, मग आणखी पुढे का नाही? त्या दिवसांत सूर्य मावळायच्या आधीच, नजर लावून बघितलं तर, निळ्या आभाळात शुक्र टिकलीएवढा दिसायचा. झालं. रोज साडेपाचला मामा सूर्य आणि शुक्र यांच्या बरोबर मधोमध आरसा रोखायचे आणि मामी त्यावर टॉवेल टाकायच्या, काढायच्या. एकदा, दोनदा, तीनदा. तिथे कुणी असलंच तर त्याला कळावं, की इकडे मोजता येणारी माणसं राहतात.

अडचण एवढीच, की आरसा उचलून रोखेपर्यंत कवडसा चष्मेवाल्याच्या दुकानात फिरून यायचा, आणि तोही नेमका अक्षरांच्या तक्त्यावरून. एका आजोबांना 'सगळं पांढरं दिसतंय' म्हणून जाड भिंगं दिली गेली. मामांचं म्हणणं, ती चष्मेवाल्याच्याच हाताची करामत.

बाईंनी गोडीत समजूत घातली. शुक्रावर म्हणे ढग इतके दाट, की तिथून कुणाला काही दिसायचं नाही. बाईंच्या मागोमाग आलेल्या चष्मेवाल्याला तेवढंच हवं होतं.

"ऐकलंत ना मामा? बघणारच कुणी नाही, तर हा खटाटोप कुणासाठी?"

"तोंडाला फेस लागला की गिऱ्हाईक डोळे मिटून बसतं," मामा म्हणाले. "म्हणून मी समोरचा आरसा उतरवून ठेवतो का? ज्याला जेव्हा उघडायचेत तेव्हा त्याने उघडावेत. आरसा जागेवर पाहिजे."

बाईंनी हसू दाबलं, पण कागद पुढे केलाच. मामांनी पेन घेतलं, छापील ओळ सरळ खोडली आणि खाली एकेक अक्षर घोटून लिहिलं: शुक्र दिसतोय तोवर रोज साडेपाचला आरसा लावणार. चष्मेवाल्यांनी पाच मिनिटं पडदा ओढावा, पडदा मी शिवून देईन. खाली झोकदार सही.

मामींनी कागद हातातून ओढून घेतला. आता ह्या फाडणार, असंच सगळ्यांना वाटलं. त्यांनी खाली लिहिलं: पडदा मी शिवणार, यांना बटण लावता येत नाही. आणि आपलीही सही ठोकली.

"हे चालायचं नाही," बाई म्हणाल्या. "उद्या माणसं येतील आरसा न्यायला."

"येऊ देत की. साडेपाचच्या आत आली तर दाढ्या करून देतो. नंतर आली तर थांबावं लागेल, आम्ही कामात असतो."

पाच वीस झाले होते. दोघं जिना चढून गेली. मामांनी आरसा रोखला, मामींनी तीनपर्यंत मोजलं आणि टॉवेल पुन्हा उचलला.

"अगं, तीन झाले," मामा म्हणाले.

"माहितीये. आजपासून चार."