पणकाकांनी पास केलेला कॅमेरा

नळ बनवणाऱ्या त्या कारखान्यात तपासणी खात्याच्या प्रमुखांना सगळे तोंडावर साहेब म्हणत आणि पाठ वळली की पणकाका. कारण त्यांच्या तोंडून कुठलंही कौतुक 'पण' जोडल्याशिवाय बाहेर पडत नसे. नळ चांगला आहे, पण आटे ढिले आहेत. चहा चांगला आहे, पण कपाचा कान हलतोय. लग्न ठरण्याच्या वेळी वडिलांनी विचारलं होतं, मुलगी कशी वाटली. तेव्हा ते म्हणाले होते, "चांगली आहे, पण मी तिला कसा वाटलो, हे कुणी विचारलं का?" त्यांच्या आयुष्यातला हा एकच 'पण' कुणाला तरी मनापासून आवडला, असं त्यांची बायको अजून सांगते.

त्यांची खोली कारखान्याच्या मागच्या बाजूला होती. एक ट्यूबलाइट, कोपऱ्यात पाण्याची टाकी, टेबलावर भिंग. नळ टाकीत बुडवायचा, आत हवा सोडायची, बुडबुडा आला की नापास. बुडबुडा आला नाही तरी सुटका नव्हती. मग भिंग. पितळेत केसासारखी चीर दिसली की नळावर लाल रंगाचा ठिपका पडायचा आणि नळ परत भट्टीत जायचा. चीर आज गळत नाही, सहा महिन्यांनी गळते, आणि तेव्हा शिव्या देणारा माणूस कारखान्यात नसतो, गिऱ्हाइकाच्या घरात पाण्यात उभा असतो, असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून सदोष नळ बाहेर गेला नव्हता. निदान तसं सिद्ध झालं नव्हतं.

मुख्य कार्यालयाला मात्र हे ठिपके खुपायला लागले. एवढे नळ नापास होतातच कसे? म्हणून फर्मान आलं, की यापुढे नापास मालाच्या अहवालाला फोटो जोडावेत. आधी नाक्यावरच्या स्टुडिओवाल्याला बोलवून पाहिलं. तो तिसऱ्या दिवशी आला आणि नळापेक्षा नळाच्या पाठीमागच्या पडद्याचीच जास्त काळजी करत बसला. मग मॅनेजरनी पणकाकांना सांगितलं, खात्यासाठी एखादा छोटा, स्वस्तातला डिजिटल कॅमेरा तुम्हीच पसंत करा. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही.

पणकाकांनी पाच आठवडे घेतले. कॅमेऱ्याच्या दुकानदाराला पहिल्या आठवड्यात वाटलं, मोठं गिऱ्हाईक आहे. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, सरकारी धाड आहे. तिसऱ्या आठवड्यापासून पणकाका येताना दिसले की तो आतल्या खोलीत काहीतरी शोधायला जाऊ लागला. शेवटी एक रुपेरी, साबणाच्या वडीएवढा कॅमेरा ठरला आणि त्यासोबत तीन पानी टिपण मॅनेजरच्या टेबलावर आलं.

टिपणात डाव्या बाजूला गुण होते. शर्टाच्या खिशात मावतो. भिंतीवरच्या घड्याळाचे साधे सेल चालतात, ते कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही मिळतात. चार बोटांच्या अंतरावरूनही फोटो येतो. पॅकिंगमधल्या बाईंना न शिकवता वापरता आला. उजव्या बाजूला दोष. बटण दाबल्यावर कॅमेरा आधी विचार करतो आणि मग फोटो काढतो, तोवर माणूस हललेला असतो. नळ हलत नसल्यामुळे हा दोष आपल्याला लागू नाही. फ्लॅश चकचकीत वस्तूवर वीज पडल्यासारखा दिसतो. फ्लॅश बंद ठेवावा. झूम फार ताणला तर चित्राचे चौकोन होतात; ताणू नये. खाली लिहिलं होतं, 'एकूण विचार करता घेण्यास हरकत नाही.' पणकाकांच्या तोंडी यापेक्षा मोठी स्तुती कुणी ऐकली नव्हती. मॅनेजरनी ते टिपण जसंच्या तसं वर पाठवलं.

महिनाभर फोटो जात राहिले. मग एके दिवशी दोनशे नळांची एक रास नापास झाली. ओतकामातच बिघाड होता, मानेजवळ सगळ्यांना तशीच बारीक चीर. फोटो गेले आणि आठवड्याच्या आत मुख्य कार्यालयातले मोठे साहेब स्वतः गाडीतून उतरले.

साहेबांनी फोटोंची चळत टेबलावर पसरली. "यातला दोष मला बोट ठेवून दाखवा," ते म्हणाले.

पणकाकांनी बोट पुढे केलं आणि ते हवेतच राहिलं. फोटोत नळ होते, झळझळीत, गुळगुळीत, दुकानाच्या काचेत मांडावेत असे. चीर कुठेच नव्हती. त्यांनी दुसरा फोटो घेतला, तिसरा घेतला. महिनाभर ते फोटो काढून पाकिटात घालत होते. भिंग नळावर धरत होते, फोटोवर धरायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

काय झालं असावं हे त्यांच्या तिथल्या तिथे लक्षात आलं. माहितीपत्रकात ते त्यांनी गुण म्हणून वाचलं होतं. कमी उजेडात फोटोवर दाणे येतात, ते हा कॅमेरा आपोआप पुसून चित्र स्वच्छ करतो. दाणे पुसता पुसता तो चीरही पुसत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शिफारस त्यांची, सही त्यांची, तीन पानं त्यांची.

त्यांनी नळ आणि भिंग साहेबांपुढे केलं. साहेबांचा चष्मा गाडीत राहिला होता. त्यांना काही दिसलं नाही. मॅनेजरनीही भिंगातून पाहिलं, पण साहेबांना जे दिसत नाही ते आपल्याला दिसण्याइतके ते नवे नव्हते.

"मग कॅमेऱ्यात दोष आहे म्हणता?" साहेबांनी विचारलं. "तुमचं टिपण वाचलंय मी. फार अभ्यासपूर्ण होतं."

पणकाकांनी कॅमेरा उचलला, साहेबांना तसंच बसायची विनंती केली आणि त्यांचा फोटो काढला. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर साहेब उमटले. साहेब बघतच राहिले. दहा वर्षं तरी गळून पडली होती.

"साहेब, तुमच्या कपाळावर तीन आठ्या आहेत," पणकाका म्हणाले. "इथं एकही नाही. तो आठ्या खातो, तशीच चीर खातो."

साहेबांनी हळूच कपाळावरून हात फिरवला आणि मॅनेजरकडे वळले. "आठ्या आहेत का हो मला?"

"छे, साहेब," मॅनेजर म्हणाले. "उजेडाचा खेळ असेल."

अशा रीतीने कॅमेरा निर्दोष ठरला आणि ओघानेच दोनशे नळही निर्दोष ठरले. साहेबांनी जाता जाता दोन गोष्टी सांगितल्या. नळ पास करून बाजारात पाठवावेत, आणि तो फोटो जरा मोठा करून त्यांच्याकडे धाडावा.

पणकाकांनी दुसऱ्या दिवशी फोटो धाडला. नळ मात्र धाडले नाहीत. त्यांनी एक कागद लिहिला. कॅमेऱ्याची शिफारस मी केली होती, ती माझी चूक आहे. नळ सदोष आहेत. वरिष्ठांना ते निर्दोष वाटत असल्यास पास करणाऱ्याच्या जागी वरिष्ठांनी सही करावी, माझी हरकत नाही. 'माझी चूक आहे' हे तीन शब्द लिहायला त्यांना सबंध सकाळ लागली. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या मालावर ठिपके दिले होते, स्वतःवर द्यायची ही पहिलीच वेळ.

कागद मॅनेजरकडे गेला. मॅनेजरनी तो योग्य त्या सहीसाठी वर पाठवला. वरच्यांनी तो योग्य त्या निर्णयासाठी खाली पाठवला. तोंडी हुकूम द्यायला सगळे तयार होते, पेन कुणाच्याच खिशात नव्हतं. तीनदा वर-खाली झाल्यावर कागद येईनासा झाला आणि एक दिवस ती दोनशे नळांची रास गुपचूप भट्टीत गेली. पणकाका जिंकले, असं कुणी म्हणालं नाही. मॅनेजर एवढंच म्हणाले, तो कॅमेरा नजरेसमोर नको, घरी घेऊन जा.

रविवारी सकाळी बायको खिडकीपासून दूर, आतल्या खोलीत शिलाईयंत्रावर पडदा शिवत बसली होती. पणकाकांनी तिचा फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून चकित झाले. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती, गाल भरले होते. त्यांनी फोटो तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, "चांगला आलाय." पुढे काही जोडलं नाही.

बायकोने चष्मा नीट केला. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "माझी हनुवटीवरची खूण कुठाय?"

लग्नाच्या पहिल्या वर्षी पणकाका तिला सायकल शिकवत होते, तेव्हाची ती खूण होती. तीन टाके पडले होते, आणि मधला वाकडा आहे असं पणकाकांनी डॉक्टरांना तिथल्या तिथे सुनावलं होतं.

"नाही आली," ते म्हणाले.

"मग ही मी नव्हे. पुसून टाका," ती म्हणाली. "आणि असल्या अंधारात कुणी फोटो काढतं का? बाहेर चला."

ती अंगणात उन्हात जाऊन उभी राहिली. पणकाकांनी बटण दाबलं, कॅमेऱ्याने नेहमीसारखा विचार केला, तोवर ती कंटाळून हसली आणि फोटो आला. खूण लख्ख दिसत होती. तीन टाके, मधला वाकडा.

पणकाका पायरीवर बसले. कॅमेऱ्याचे गुणदोष त्यांनी पाच आठवडे तपासले होते, पण दुकानाच्या दारात, उजेडात. त्यांच्या खोलीतली ट्यूबलाइट कुणी तपासली होती? बायकोने विचारलं, काय झालं. ते म्हणाले, काही नाही, एक अहवाल चुकला.

सोमवारी कॅमेरा पुन्हा खिशात घालून ते कामावर गेले. नापास झालेला एक नळ घेऊन आवारात उभे राहिले आणि उन्हात फोटो काढला. चीर दोरखंडाएवढी दिसत होती. आठवडाभर त्यांनी असेच फोटो काढले आणि सगळे मुख्य कार्यालयाला पाठवले.

उत्तर या वेळी लगेच आलं, सहीनिशी. हल्लीच्या फोटोंत दोष वाजवीपेक्षा ठळक दिसतात आणि त्यामुळे कंपनीच्या मालाविषयी गैरसमज होण्याचा संभव आहे. सबब यापुढे अहवालास फोटो जोडू नयेत.

पणकाकांनी पत्र दोनदा वाचलं. भाषेत एकही चूक नव्हती. ते फाइलला लावून त्यांनी नव्या नळांच्या खोक्याचं झाकण उघडलं.