मोठेबाबांनी परत मागितलेले फोटो

मोठेबाबा कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा ग्लास हातात घेण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत. जबलपूरच्या संरक्षण कारखान्यात, ड्रॉइंग सेक्शनमध्ये त्यांचा जन्म गेला होता. "अंदाज नको, माप सांग," असं ते माझ्या वडिलांना, म्हणजे स्वतःच्या धाकट्या भावाला, भाजीच्या पिशवीबद्दलसुद्धा म्हणत.

त्यांची बायको, आमची मोठीआई, गोल चेहऱ्याची, भरल्या अंगाची. शेवटचं वर्ष ती अंथरुणाला खिळली आणि वाळत गेली. तिचं खाणंपिणं, औषधं, अंग पुसणं सगळं मोठेबाबांनी केलं. ती गेल्यावर ते कॉम्प्युटरसमोर बसू लागले. मॉनिटर जुना, अक्षरं दिसेनात, म्हणून त्यांनी सदर बाजारातून एक केबल आणली आणि कॉम्प्युटर बैठकीतल्या मोठ्या टीव्हीला जोडला.

पहिल्या स्मृतिदिनाचा फोटो त्यांनी स्वतःच तयार केला. माझ्या आईवडिलांच्या लग्नातला, मोठीआई हसतेय असा. टीव्हीवर चेहरा फारच पसरट दिसत होता. फोटो जुना आहे, बिघडला असेल, असं समजून त्यांनी तो दोन्ही बाजूंनी दाबत दाबत मनासारखा केला. गोहलपुरातल्या एका दुकानात प्रती छापून घेतल्या आणि कार्यक्रमाच्या आधीच नातेवाइकांच्या घरी पोचवल्या.

स्मृतिदिनाला हार घातलेल्या फोटोसमोर माणसं येत, हात जोडत आणि एकमेकांकडे पाहत. शेवटी वडिलांनी हळूच विचारलं, "दादा, हा आजारपणातला फोटो काहून लावला?"

"आजारपणातला नाही," मोठेबाबा म्हणाले. "तुह्या लग्नातला आहे."

मग त्यांनी स्वतः फोटोकडे पाहिलं. त्यानंतर पंगत उठेपर्यंत ते कुणाच्या नजरेला नजर देऊ शकले नाहीत.

माणसं गेल्यावर त्यांनी कॉम्प्युटरवर एक वर्तुळ काढलं आणि स्टीलची पट्टी टीव्हीच्या काचेला लावली. उभं माप वेगळं, आडवं वेगळं. कॉम्प्युटर अजून जुन्या, चौकोनी मॉनिटरच्या मापाचं चित्र पाठवत होता आणि टीव्ही ते ताणून आपल्या रुंदीला बसवत होता. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये टीव्हीचं माप निवडलं, रिमोटवरून चित्राचा आकारही बदलला. वर्तुळ दोन्हीकडून सारखं भरल्यावर दाबलेला फोटो उघडला. पडद्यावर आजारी मोठीआई होती. त्यांनी टीव्ही बंद केला.

मूळ फोटोच्या नव्या प्रती घेऊन ते घरोघरी गेले. मी सोबत होते. कुरियरने पाठवू या, असं मी म्हटलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. प्रत्येक दारात ते मान खाली घालून टीव्ही आणि कॉम्प्युटरची सगळी हकिगत सांगत आणि जुना फोटो परत मागत. लोक चहा घ्या म्हणत. ते बसतही नसत.

सर्वांत शेवटी आम्ही नागपूरला मोठीआईच्या थोरल्या बहिणीकडे गेलो. तिने नवा फोटो पदराने पुसून ठेवला, जुना मात्र दिला नाही.

"राहू द्या, भाऊजी," ती म्हणाली. "मी शेवटची भेटाले आली तेव्हा अशीच दिसत होती ते."

परतीच्या बसमध्ये मोठेबाबा खिडकीशी बसले. जबलपूरच्या अलीकडचा, नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल जवळ आल्यावर म्हणाले, "दुकानातून फोटो आणला तेव्हा मी नीट पाहिला होता, बेटा. मले बरोबरच वाटला."

मी म्हटलं, टीव्हीमुळे झालं ते.

"टीव्ही तर घरी होता. हातात कागद होता माह्या." त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. "पूरा साल तोच चेहरा पाहून राहिलो होतो ना. पहिलेचा विसरूनच गेलो मी."

बस पुलावर आली. मी पिशवीतून मूळ फोटोची उरलेली प्रत काढून त्यांच्या हातात दिली.