बेचाळीस पावलं अनवाणी

सुनंदाक्का आमच्या तळ्याकाठच्या शाळेत एकोणीस वर्षं आया आहे. बेळ्ळंदूरच्या पलीकडचं हे तळं म्हणायला पाण्याचं. काठाला माणसाच्या उंचीचं गवत, वर फेस, खाली काय सडतं ते कोणी बघितलेलं नाही. उन्हाळ्यात गवत पेटतं. त्याचा धूर वर जात नाही, जमिनीलगत सरकत येतो. शाळेचं पुढचं गेट तळ्यापासून सव्वाशे फुटांवर आहे.

शाळा बैठी. पहिली ते तिसरी, तीन वर्ग, अठ्ठावन्न मुलं. आपत्कालीन योजना होती. मुख्याध्यापक गुरुदत्त सरांनी ती फ्रेम करून ऑफिसात लावली होती. सगळे बाण पुढच्या गेटाकडे.

"सर, वारा तिकडनंच आला तर पोरं धुरात जाऊन उभी राहायची काय?" सुनंदाक्काने विचारलं.

सरांनी फ्रेमकडे बघितलं आणि मला बोलावून घेतलं. मी चाळीस वर्षं फॅब्रिकेशनची कामं केली, आता घरी असतो. मागचं गेट सात वर्षं बंद होतं. तेल सोडलं, ठोकलं, शेवटी बिजागऱ्या कापून नव्या बसवल्या. दीड दिवस गेला. सुनंदाक्का तासातासाला येऊन उभी.

"झालं का, अण्णा?"

"गंज आहे, लग्न नव्हे. मुहूर्तावर सुटत नाही."

"स्वल्प लवकर सोडवा की मग."

गेट उघडलं आणि पहिला सराव घेतला. घंटा वाजली. मी गेटाशी घड्याळ धरून उभा होतो. एक मिनिट गेलं, दोन गेली. कोणी येईना. आत जाऊन बघितलं तर वर्गांबाहेर बुटांच्या रॅकपाशी मुलं ओळीने जमिनीवर बसून मोजे ओढत होती. मनस्विनी टीचर वाकून एकेकाच्या नाड्या बांधत होत्या. या शाळेत वर्गात बूट घालत नाहीत, आणि बूट घातल्याशिवाय अंगणात पाऊल टाकायचं नाही. हे मुलांना सुनंदाक्कानेच शिकवलं होतं. एकोणीस वर्षं.

सहा मिनिटं दहा सेकंद लागले. ती घड्याळाकडे बघतच राहिली.

"अनवाणी न्यायची," ती म्हणाली.

"मागच्या वाटेवर खडी आहे, काचा आहेत," सर म्हणाले. "एकाचा पाय कापला तर आई-बाप मला कापतील."

"वाट मी झाडते. सरी? चालेल?"

"रोज?"

"आग काय वार बघून येते?"

दारापासून गेटापर्यंत बेचाळीस पावलं. रोज सकाळी मुलं यायच्या आधी ती खराट्याने झाडायची, मग चपला काढून स्वतः चालून बघायची. एकदा तळव्यात काच घुसली. ती उपटून तिने तेवढी जागा पुन्हा झाडली. झाडणं पुष्कळांना येतं. झाडलेलं तपासणारी माणसं मी फार बघितली नाहीत.

दर शुक्रवारी सराव होऊ लागला. वेळ अडीच मिनिटांवर आली.

मार्चमधल्या एका गुरुवारी सकाळी साडेअकराला गवत पेटलं. मी बिजागऱ्यांना ग्रीस लावायला आलो होतो. वारा तळ्याकडून होता. बघता बघता पुढचं गेट दिसेनासं झालं. घंटा वाजली.

मुलं आली. अनवाणी, एकमेकांचे हात धरून. मनस्विनी टीचर गेटाशी मोजत होत्या. सर्वांत शेवटी सुनंदाक्का आली.

"सत्तावन्न," टीचर म्हणाल्या.

"परत मोजा."

"सत्तावन्नच, अक्का."

सुनंदाक्काने मुलांवरून एकदाच नजर फिरवली. "मुग्धा," ती म्हणाली. पुण्याहून आलेल्या घरातली मुलगी. सोमवारी नाव घातलं होतं. शुक्रवारचा सराव तिने पाहिलाच नव्हता.

सुनंदाक्का पदर तोंडाला लावून माघारी शाळेकडे पळाली. मी मागे गेलो आणि दारातच खोकल्याने दुमडलो. आत सगळं पिवळट. पुढे केलेला हात दिसत नव्हता. ती भिंतीला तळवा लावून आत गेली. ती भिंत तिने रोज पुसलेली होती. मी मोजायला लागलो. वीस. तीस. तिचा खोकला ऐकू आला, मग तोही बंद झाला. चाळीस.

"सोड ते!"

"आई रागवेल! नवीन आहेत!"

पंचावन्नला ती बाहेर आली. मुग्धा काखेत, तिच्या एका पायात बूट, नाडी सुटलेली, दुसरा बूट छातीशी धरलेला. आम्ही गेटाबाहेर पडलो. सुनंदाक्का रस्त्यावर बसली आणि पाणी प्यायच्या आधी तिने मुलं मोजली. अठ्ठावन्न.

आग गवतातच विझवली. धूर मात्र पाऊण तास वर्गांत भरून होता. सुनंदाक्काचा खोकला पंधरा दिवस गेला नाही.

पालकांनी तिचा सत्कार ठरवला. सर सांगायला गेले.

"कशाचा सत्कार, सर? पोरगी चार दिवस शाळेत होती. एकदा हात धरून चालवायची होती तिला. मी चालवली नाही."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या घरी आली.

"अण्णा, तो रॅक उपटायचा."

"आणि ठेवायचा कुठे?"

"गेटाच्या बाहेर. बुटासाठी पोराला मागे वळावं लागू नये. पुढे पळावं लागलं पाहिजे."

मी रॅक उपटला. गेटाबाहेर, वाट मोकळी सोडून, भिंतीला चार बोल्टांनी बसवला, वर पत्रा घातला. आता मुलं मागच्याच गेटाने येतात, तिथे बूट काढतात आणि अनवाणी वर्गात जातात. गेट रोज उघडतं, त्यामुळे बिजागऱ्याही गंजत नाहीत. वाट ती अजून झाडते, अजून चालून बघते.

परवा नवीन प्रवेश होता. सुनंदाक्का मुलाचा हात धरून त्याला दारापासून गेटाकडे घेऊन निघाली. आई मागून म्हणाली, "मावशी, आधी क्लासरूम तरी दाखवा ना त्याला."

"आधी बाहेर," सुनंदाक्का म्हणाली. "मग आत."