हिरव्या शालीतली बाई

अडतीस सालच्या हिवाळ्यात ब्रेमेनला व्हीनेके साहेबांकडे मी स्वयंपाकाला होते. एका सकाळी बटाटे सोलता सोलता जेवणाच्या खोलीतलं भांडण कानावर आलं. भिंतीवर नवं चित्र लागलं होतं: हिरवी शाल पांघरून खिडकीत बसलेली बाई. ती आमच्या शेजारच्या सेल्मा काट्झेनश्टाइन. ज्यू म्हणून नाझी सरकारनं त्यांना घरातलं सगळं विकायला लावलं होतं.

"ती बघत असताना मी सूप कसं गिळू?" आडेले बाईसाहेब म्हणाल्या.

"पावती आहे माझ्याकडे. मी नसतं घेतलं तर दुसऱ्यानं घेतलं असतं."

"मग दुसऱ्याच्या घरात लागलं असतं, लोथार."

त्या दिवसापासून बाईसाहेब माझ्याबरोबर स्वयंपाकघरात जेवू लागल्या, त्या अगदी मरेपर्यंत. साहेब एकटेच, चित्राखाली, गळ्याशी रुमाल खोचून.

साहेब बँकेचे मालक. पहिल्या कमाईतून त्यांनी गाईचं एक चित्र घेतलं, मग घरभर चित्रंच झाली. माणूस वाईट म्हणावा तर माझ्या गुडघ्यांसाठी मलम आठवणीनं आणायचे. चित्रांवरची धूळ स्वतः झटकायचे, बाळाचे कान पुसावेत तशी. बॉम्ब पडू लागले तेव्हा चित्रं बँकेच्या तळघरात गेली, आम्ही दोघी कोळशाच्या खोलीत. त्या बाईच्या चित्राच्या चौकटीवर त्यांनी पितळी पट्टी लावली: 'हिरव्या शालीतली स्त्री'. नाव नाही. सेल्माबाईंना तोवर पूर्वेकडच्या छळछावण्यांना जाणाऱ्या गाडीत घातलं होतं. त्या परतल्या नाहीत. त्यांची मुलगी हाने तेवढी आधीच दक्षिण अमेरिकेत, मोंटेव्हिडिओला पोचली होती.

लढाईनंतर तिचं पत्र आलं. बाईसाहेबांनी मला वाचून दाखवलं. पैसे नकोत, आईचा एक फोटोही उरला नाही, तेवढं चित्र द्या.

"एकाला दिलं की सगळे येतील," साहेब म्हणाले.

मग दर सप्टेंबरला पत्र यायचं. साहेब ते फोडायचे नाहीत. टोपी, हातमोजे घालून पोस्टात जायचे, वळणदार अक्षरात 'घेण्यास नकार' लिहून परत करायचे आणि येताना पाव आणायचे. पाकिटावरचा पत्ता मला दिसायचा. लिहिलं मात्र मी कधीच नाही. पाव तेवढे ताटात वाढले.

बाईसाहेब गेल्या, तरी पत्रं थांबली नाहीत. एकोणिसावं आलं तेव्हा साहेबांना जिना उतरवत नव्हता.

"यंदा मी जाते, साहेब," मी म्हटलं. पत्र ठेवून घ्यायचं, हानेला कळवायचं की आई अजून इथेच आहे, असं मनात होतं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"टोपी दे," म्हणाले.

ते त्यांचं शेवटचं बाहेर पडणं. काठी टेकत गेले, दीड तासानं आले. हातात पत्र नव्हतं. चार पाव होते, अजून गरम.